रक्त कोणत्या दिवशी काढले होते? घातक उच्च रक्तदाब, दृष्टिपटल आणि अल्डोस्टेरॉन : एक प्रकरण अभ्यास

३८ वर्षांचा एक पुरुष रुग्ण बारा दिवसांपासून दोन्ही डोळ्यांना धूसर दिसते अशी तक्रार घेऊन प्रथम चष्म्याचा नंबर तपासायला गेला. भिंगे बदलून पाहिली तरी अक्षरे स्पष्ट होईनात. शिवाय दाराची उभी चौकट मधोमध वाकलेली दिसते, असे त्याने सांगितले, तेव्हा तपासणाऱ्याने भिंगांची पेटी बंद केली आणि त्याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. ही पाठवणी आठवडाभर लांबली असती, तर पुढचे लिखाण कदाचित वेगळ्याच गोष्टीविषयी झाले असते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे वगळले आहेत. तपासण्यांचा क्रम आणि आमची चूक मात्र जशी घडली तशीच मांडली आहे.

उजव्या डोळ्याची दृष्टी ६/२४ आणि डाव्याची ६/३६ होती. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून नेत्रतळ पाहिल्यावर नेत्रतज्ज्ञांनी पुढची तपासणी थांबवली आणि आधी रक्तदाब मोजायला सांगितले. तो २२६/१३८ भरला. दुसऱ्या हातात २२२/१३६. नेत्रतळाचे चित्र असे होते : दोन्ही डोळ्यांत दृष्टिचेतेचे बिंब (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेचे नेत्रतळावर दिसणारे टोक) सुजलेले आणि त्याच्या कडा पुसट झालेल्या, बिंबाभोवती ज्योतीच्या आकाराचे रक्तस्राव, कापसाच्या बोळ्यासारखे पांढरट मऊ डाग उजवीकडे पाच, डावीकडे आठ, आणि डाव्या डोळ्यात पीतबिंदूपासून (दृष्टिपटलाच्या मध्यातील, सर्वांत स्पष्ट दिसण्याच्या जागेपासून) नाकाच्या दिशेने पसरलेली, अर्धवट चांदणीसारखी पिवळसर रेषांची मांडणी. ओसीटी या, प्रकाशाच्या मदतीने दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या चाचणीत डाव्या पीतबिंदूखाली द्रव साचलेला दिसला. दाराची चौकट वाकडी दिसण्याचे कारण तेच होते.

या चित्राला १९३९ साली कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी केलेल्या वर्गवारीत चौथी श्रेणी म्हणतात. त्या काळी परिणामकारक औषधे जवळजवळ नव्हती. त्यांच्या रुग्णांपैकी पहिल्या श्रेणीतील सुमारे ७० टक्के लोक तीन वर्षांनंतर हयात होते, तर चौथ्या श्रेणीतील फक्त ६ टक्के. ‘घातक’ किंवा ‘मॅलिग्नंट’ हे विशेषण उच्च रक्तदाबाला चिकटले ते याच अनुभवातून. त्याचा कर्करोगाशी काही संबंध नाही. आज चित्र पुष्कळ पालटले आहे, परंतु सुजलेल्या बिंबाचा अर्थ पालटलेला नाही. शरीरातील लहान धमन्या जागोजागी फुटत आणि बुजत आहेत, आणि डोळा ही त्या उघड दिसण्याची एकमेव जागा आहे, एवढेच ते चित्र सांगते.

पहिले काही तास

रुग्णाला अतिदक्षता विभागात दाखल केले. मेंदूच्या एमआरआयमध्ये गाठ किंवा रक्तस्राव नव्हता. हृदयाच्या सोनोग्राफीत डाव्या जवनिकेची भिंत १५ मिलिमीटर जाड भरली. रक्तातील क्रिएटिनिन, जे मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढते, १.९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते, लघवीतून दिवसाला १.६ ग्रॅम प्रथिन जात होते आणि पोटॅशियम २.९ मिलिमोल प्रति लिटर इतके उतरलेले होते.

असा रक्तदाब पाहिला की तो लवकरात लवकर ‘नॉर्मल’ करावा अशी स्वाभाविक घाई होते. ती घाई डोळ्याला महागात पडू शकते. दीर्घकाळ चढ्या दाबाखाली राहिलेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि आपला प्रवाह स्थिर राखण्याची त्यांची कक्षा वर सरकते. मग निरोगी माणसाला पुरेसा असणारा दाब सुजलेल्या दृष्टिचेतेला अपुरा पडतो, आणि तासाभरात दाब १२० वर आणल्यामुळे कायमचे अंधत्व आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. म्हणून सरासरी धमनीदाब पहिल्या काही तासांत २० ते २५ टक्क्यांहून अधिक उतरवायचा नाही, असा संकेत आहे. या रुग्णाचा सरासरी दाब १६७ होता. निकार्डिपीन शिरेतून देत सहा तासांनी रक्तदाब १८०/१०८ वर आणला, म्हणजे सरासरी १३२. तेथे तो रात्रभर मुद्दाम थोपवून धरला. रुग्णाच्या भावाने दोनदा येऊन विचारले, “डॉक्टर, अजून १८० दाखवतंय, तुम्ही काही करत का नाही?” त्याची काळजी खरी होती. आम्ही हा आकडा जाणूनबुजून तेथे धरला आहे, हे त्याला उभ्याउभ्या न सांगता बसवून समजावले. अशा वेळी नातेवाइकांना वेळ देणे हा उपचाराचाच भाग आहे, असे मी मानतो.

पहिला अहवाल आणि त्याचे वाचन

तरुण वय, एवढा दाब आणि कमी पोटॅशियम, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की संप्रेरकांचा विचार करणे भाग असते. दुसऱ्या दिवशी पहाटे सहा वाजता रक्त काढले. त्यात रेनिनची क्रियाशीलता ४.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास आणि अल्डोस्टेरॉन ३४ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले. मेटॅनेफ्रिन सामान्य होते, त्यामुळे फिओक्रोमोसायटोमाची, म्हणजे संप्रेरके सोडून रक्तदाब चढवणाऱ्या एका गाठीची, शक्यता मागे पडली. थायरॉईड ठीक होते. कॉर्टिसॉलची चाचणी त्या दिवशी केली नाही, कारण गंभीर आजाराच्या ताणात कॉर्टिसॉल चढलेलेच असते आणि त्यातून दिशाभूल होते. ती पुढे १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन केली आणि तिचा निकाल १.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे निर्दोष, आला.

येथे थोडे थांबून रेनिन आणि अल्डोस्टेरॉन यांचे नाते सांगायला हवे, कारण सगळे प्रकरण त्यावर फिरते. रक्ताचे आकारमान घटले किंवा मूत्रपिंडाकडे येणारा दाब कमी झाला की मूत्रपिंडातील विशिष्ट पेशी रेनिन सोडतात. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते. ते धमन्या आवळते आणि मूत्रपिंडाच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क (अॅड्रीनल) ग्रंथीच्या सर्वांत बाहेरच्या थराला अल्डोस्टेरॉन बनवायला लावते. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांमध्ये सोडियम राखून ठेवते आणि त्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकते. सोडियमबरोबर पाणी राहते, दाब वाढतो, आणि निरोगी शरीरात रेनिन आपोआप खाली येते. हिशेब असा चुकता होतो. परंतु अधिवृक्क ग्रंथी कोणाच्याही आज्ञेविना स्वतःहून अल्डोस्टेरॉन ओतू लागली, तर अल्डोस्टेरॉन चढे आणि रेनिन दबलेले, अशी जोडी दिसते. यालाच प्राथमिक अल्डोस्टेरॉनाधिक्य म्हणतात. मिशिगन विद्यापीठातील जेरोम कॉन यांनी १९५५ साली त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची रुग्ण ३४ वर्षांची स्त्री होती. स्नायूंची अशक्तता, पेटके, चढा रक्तदाब आणि उतरलेले पोटॅशियम असे तिचे चित्र होते, आणि अधिवृक्क ग्रंथीतील गाठ काढल्यावर ती सुधारली.

या निदानाची पहिली पायरी म्हणजे अल्डोस्टेरॉनला रेनिनने भागून येणारे गुणोत्तर. वरील एककांमध्ये ते ३० च्या पुढे गेले आणि अल्डोस्टेरॉनही १५ च्या वर असले, तर संशय बळावतो. काही ठिकाणी २० ही मर्यादा धरतात. आमच्या रुग्णाचे गुणोत्तर ८.१ आले. अल्डोस्टेरॉन चढे आहे, पण रेनिनही चढे आहे; अर्थात अधिवृक्क ग्रंथी आज्ञेनुसार काम करते आहे, दोष वरच्या टप्प्यात आहे, असे आम्ही वाचले. मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद नाहीत ना, हे डॉपलरने तपासले. त्या मोकळ्या होत्या. मग केसपेपरच्या समासात मी स्वतः लिहिले : “दुय्यम, घातक रक्तदाबामुळे. अधिवृक्क निर्दोष.” पहिले वाक्य निम्मे खरे होते. दुसरे लिहिण्याचा मला अधिकार नव्हता.

निम्मे खरे म्हणायचे कारण असे. घातक टप्प्यात दाब इतका चढतो की मूत्रपिंड त्या दाबाखाली सोडियम आणि पाणी बाहेर फेकते आणि रक्ताचे आकारमान उलट घटते. त्याच वेळी मूत्रपिंडात शिरणाऱ्या बारीक धमनिकांच्या भिंती सडून त्यांचा पोकळ भाग बुजू लागतो. बाहेर दाब २२६ आणि आतल्या पेशींना मात्र रक्त कमी, अशी विपरीत स्थिती येते. त्या पेशी बिचाऱ्या आपल्या परीने योग्य तेच करतात : रेनिन सोडतात. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन वाढते, अँजिओटेन्सिनमुळे दाब अधिक चढतो, आणि चक्र सुरू राहते. म्हणजे या टप्प्यावर रेनिन चढणे हा आजाराच्या वणव्याचा धूर असतो. वणवा मुळात कोणी पेटवला, हे त्या धुरावरून कळत नाही. प्राथमिक अल्डोस्टेरॉनाधिक्याचा रुग्णही घातक टप्प्यात गेला की त्याचे एरवी दबलेले रेनिन वर येऊ शकते आणि गुणोत्तर निरागस दिसू शकते.

शिवाय तो नमुना ज्या परिस्थितीत घेतला होता, ती एकेक करून पाहिली तर आकड्यावर भिस्त ठेवण्याजोगे फारच थोडे उरते. हा नमुना सकाळी, रुग्ण उठून किमान दोन तास हिंडला-फिरला असताना आणि नंतर काही मिनिटे बसवून घ्यायचा असतो. आमचा रुग्ण रात्रभर आडवा होता. निकार्डिपीन चालू होते, आणि या गटातील औषधे रेनिन थोडे वर नेतात. पोटॅशियम २.९ होते, आणि कमी पोटॅशियम अल्डोस्टेरॉनच्या निर्मितीला आवर घालते. तशाही स्थितीत ते ३४ यावे, हे खरे तर खटकायला हवे होते. नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत गेला होता, हेही नंतर कळले. रेनिनच्या नमुन्याला थंडी चालत नाही. गारठ्यात रक्तातील निष्क्रिय प्रोरेनिन सक्रिय होते आणि आकडा फुगतो. बहुतेक संप्रेरकांचे नमुने थंड ठेवण्याची सवय हाताला लागलेली असल्यामुळे ही चूक सर्रास होते.

डोळ्याने सांगितलेला काळ

नवव्या दिवशी रुग्ण अॅम्लोडिपीन १०, टेल्मिसार्टन ८० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम घेऊन घरी गेला. सहाव्या आठवड्यात रक्तदाब १५८/९६ आणि पोटॅशियम ३.१ होते. क्लोरथॅलिडोन पोटॅशियम उतरवतेच, म्हणून ते थांबवून डॉक्साझोसिन दिले आणि पोटॅशियमच्या गोळ्या वाढवल्या. नवव्या आठवड्यात, गोळ्या नियमित चालू असूनही, पोटॅशियम ३.२. टेल्मिसार्टनसारखे औषध पोटॅशियम टिकवून धरते, हे लक्षात घेतले तर हा आकडा आणखीच विचित्र ठरतो. चोवीस तासांच्या लघवीत ६८ मिलिमोल पोटॅशियम सापडले. रक्तात तुटवडा असताना मूत्रपिंडाने ते जपायला हवे होते.

त्याच आठवड्यात माझ्या नेत्रतज्ज्ञ सहकारी डॉक्टरांनी पहिल्या दिवसाची छायाचित्रे आणि ताजी छायाचित्रे शेजारीशेजारी लावून मला बोलावले. “रक्तस्राव आणि कापसाचे डाग विसरा,” त्या म्हणाल्या, “ते पाहुणे आहेत. या घरातले कायमचे लोक कोण, ते पाहा.” पडद्यावर वरच्या बाहेरील धमनीशी एक नीला आडवी जात होती. ज्या ठिकाणी धमनी तिच्यावरून जाते, तेथे नीलेचा रंग दोन्ही बाजूंनी हळूहळू विरत जाऊन ती तुटल्यासारखी दिसत होती. धमनीवरची प्रकाशरेषा रुंद आणि तांबूस झालेली होती. असे ओलांडणीचे बदल दोन्ही डोळ्यांत मिळून सात ठिकाणी होते. धमनीची भिंत जाड आणि कठीण झाली की तिच्यासह एकाच आवरणात गुंडाळलेली नीला तिच्याखाली दबते. या गोष्टीला वर्षे लागतात.

दृष्टिपटलावरील खुणांना अशी वेगवेगळी वये असतात, आणि या प्रकरणाचा गाभा मला तेथेच सापडला. कापसाचा डाग म्हणजे चेतातंतूंच्या थरातील एखादी सूक्ष्म धमनिका बुजल्यामुळे तंतूंमधील वाहतूक अडून साचलेला ढीग. तो काही आठवड्यांत विरतो. बिंबाची सूज दाब आटोक्यात आल्यावर दोन-तीन महिन्यांत उतरते. पीतबिंदूतील चांदणी ही गळलेल्या रक्तद्रवातील स्निग्धांशाची. पाणी शोषले जाते, स्निग्धांश मागे उरतो आणि त्याला निघून जायला अनेक महिने लागतात. ओलांडणीचे बदल मात्र बहुधा जन्माची सोबत करतात. म्हणजे एकाच छायाचित्रात कालची, गेल्या महिन्यातली आणि गेल्या काही वर्षांतली नोंद असते. रक्ताच्या नमुन्यात फक्त ते रक्त काढले त्या क्षणाची.

या दृष्टीने रुग्णाला पुन्हा विचारले, तेव्हा चार वर्षांपूर्वी एका तपासणीत १५०/१०० दाब आढळल्याचे आणि तीन महिने गोळी घेऊन ती सोडल्याचे त्याने सांगितले. त्रास काहीच नव्हता, मग गोळी कशाला, असे त्याला वाटले होते. गेले वर्षभर रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागत होते. पोटऱ्यांत पेटके येत. जिना चढताना मांड्या भरून येत. हे सारे उतरलेल्या पोटॅशियमचे बोलणे होते. आम्ही पहिल्या दिवशी डोळे, डोके आणि छाती यांबद्दल विचारले होते, पायांबद्दल नाही.

दुसरा नमुना

आता पुन्हा रक्त तपासायचे, पण कधी? आम्ही ठरवले की घातक टप्पा ओसरल्याचा पुरावा हाती आल्यावरच. बाराव्या आठवड्यात दोन्ही बिंबे सपाट झाली होती, एकही कापसाचा डाग उरला नव्हता आणि क्रिएटिनिन १.४ वर स्थिरावले होते. डोळ्यातील धमनिका शांत झाल्या असतील, तर मूत्रपिंडातील धमनिकाही शांत होत असाव्यात आणि रेनिन सोडण्याचे तातडीचे कारण संपले असावे, असा आमचा तर्क होता. हा नियम नाही. डोळ्याचा असा दिनदर्शिकेसारखा उपयोग करावा, हे माझे मत आहे.

पोटॅशियम गोळ्यांनी ४.० वर आणले. क्लोरथॅलिडोन थांबवून सहा आठवडे झाले होते. टेल्मिसार्टन थांबवावे का, यावर बरीच चर्चा झाली. शुद्ध गुणोत्तरासाठी ते काही आठवडे थांबवण्याची पद्धत आहे, पण तीन महिन्यांपूर्वी दृष्टी जाता जाता वाचलेल्या माणसाचे औषध एका चाचणीसाठी काढणे आम्हाला पटले नाही. शिवाय टेल्मिसार्टन रेनिन वाढवते. ते चालू असतानाही रेनिन दबलेले सापडले, तर तो पुरावा कमकुवत न होता उलट अधिक भक्कम ठरतो.

नमुना सकाळी दहा वाजता, रुग्णाला बसवून, साध्या तापमानात घेतला. रेनिन ०.२ पेक्षा कमी, म्हणजे चाचणीला मोजता येईल त्याहून खाली. अल्डोस्टेरॉन ३१. गुणोत्तर किमान १५५.

हे दोन अहवाल शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. अल्डोस्टेरॉन ३४ होते, ते ३१ झाले, जवळपास तेवढेच. बदलला तो गुणोत्तराचा छेद, म्हणजे रेनिन, वीसपटीहून अधिक. ग्रंथी दोन्ही दिवशी तेच करत होती. पहिल्या नमुन्याच्या दिवशी तिच्या शेजारी दुसराच कोणी आरडाओरडा करत होता, म्हणून तिचा आवाज वेगळा ऐकू आला नाही.

निदान पक्के करण्यासाठी एरवी चार तासांत दोन लिटर मीठपाणी शिरेतून देऊन अल्डोस्टेरॉन दबते का, ते पाहतात. हृदयाची भिंत १५ मिलिमीटर आणि रक्तदाब १५०/९४ असताना ते धोक्याचे होते, आणि गरजही नव्हती. औषधाविना उतरलेले पोटॅशियम, मोजता न येणारे रेनिन आणि २० च्या वर अल्डोस्टेरॉन, या तीन गोष्टी एकत्र असल्यास पुढच्या पुष्टीची आवश्यकता नाही, असे एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच म्हटले होते.

सीटी स्कॅनमध्ये डाव्या अधिवृक्क ग्रंथीत १४ मिलिमीटरची, चरबीयुक्त पेशींची सौम्य दिसणारी गाठ होती. गाठ दिसली म्हणजे दोषी तीच, असे मात्र नाही. संप्रेरक न बनवणाऱ्या निरुपद्रवी गाठी वयाबरोबर वाढत जातात. उलट खरा दोष कधी कधी सीटीवर निर्मळ दिसणाऱ्या बाजूला किंवा दोन्ही बाजूंना असतो. रुग्ण ३५ वर्षांच्या आतला असता तर सीटीवर विसंबता आले असते. येथे दोन्ही अधिवृक्क नीलांमधून रक्त घेणे भाग होते. डावी नीला सहज सापडते. उजवी आखूड असते आणि थेट अधोमहानीलेत (शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेत) उघडते, त्यामुळे नळीचे टोक तिच्यात टिकवणे हे अनुभवी हातांचे काम आहे. आमच्या रुग्णात त्यासाठी चाळीस मिनिटे लागली. डावीकडे अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल यांचे गुणोत्तर १०, उजवीकडे १.२, अधोमहानीलेत २.५ आले. डावी बाजू उजवीच्या आठपटीहून पुढे होती आणि उजवी आजूबाजूच्या रक्तापेक्षाही खाली दबलेली होती. दोष निर्विवाद डावीकडे होता.

त्यानंतर अल्डोस्टेरॉनला रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन पाच आठवडे दिले. रक्तदाब प्रथमच १४० च्या खाली आला आणि पोटॅशियमच्या गोळ्या जवळजवळ बंद झाल्या. मग दुर्बिणीद्वारे डावी अधिवृक्क ग्रंथी काढली. गाठ १३ मिलिमीटरची निघाली, आणि तिच्या पेशींत अल्डोस्टेरॉन सिंथेज हे विकर ठळकपणे रंगले.

दाबाने किती, संप्रेरकाने किती

दृष्टिपटलाचे हे नुकसान केवळ दाबामुळे झाले की अल्डोस्टेरॉनने वेगळा वाटा उचलला, असा प्रश्न रुग्णाने स्वतः विचारला. त्याचे सरळ उत्तर या एका प्रकरणातून देता येणार नाही, पण जे माहीत आहे ते त्याला सांगितले. २००५ साली फ्रान्समधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राथमिक अल्डोस्टेरॉनाधिक्याच्या १२४ रुग्णांची सारख्याच रक्तदाबाच्या ४६५ रुग्णांशी तुलना केली होती. पक्षाघात पहिल्या गटात १२.९ टक्के, दुसऱ्यात ३.४ टक्के आढळला. दाब सारखा असूनही हानी जास्त, याचा अर्थ हे संप्रेरक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर आपला स्वतंत्र घाव घालते. त्याचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संप्रेरक ज्यांना चिकटून काम करते ती प्रथिने) दृष्टिपटलात आणि त्यामागील रंजितपटलाच्या वाहिन्यांतही आहेत.

यावरून उडी मारून अल्डोस्टेरॉनरोधक औषधे ही डोळ्याचीच औषधे मानणे मात्र चूक ठरेल. रंजितपटलातून द्रव पाझरून पीतबिंदूखाली साचण्याचा एक वेगळा आजार आहे. त्यात प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे एप्लेरेनोन हे अल्डोस्टेरॉनरोधक औषध मोठ्या आशेने वापरले जात होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीर्घकालीन आजारात ते दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही. ग्राहक सापडणे आणि उपचार सापडणे यांत मोठे अंतर आहे. आमच्या रुग्णाच्या डोळ्याखालचा द्रवही स्पायरोनोलॅक्टोन सुरू होण्याच्या कितीतरी आधी, नुसता दाब उतरल्यावर, सहाव्या आठवड्यापर्यंत शोषला गेला होता.

शस्त्रक्रियेनंतर

सहा महिन्यांनी पोटॅशियम गोळ्यांविना ४.५, अल्डोस्टेरॉन ६ आणि रेनिन १.१ होते. रक्तदाब फक्त अॅम्लोडिपीन ५ मिलिग्रॅमवर १३०/८२. संप्रेरकांच्या बाजूने पूर्ण यश, रक्तदाबाच्या बाजूने अंशतः. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय संकलनातही शस्त्रक्रियेनंतर संप्रेरके ९४ टक्के रुग्णांत पूर्ववत झाली होती, पण औषधांतून पूर्ण सुटका ३७ टक्क्यांचीच झाली. जी भिंत वर्षानुवर्षे जाड झाली, ती गाठ काढल्याने लगेच पातळ होत नाही. क्रिएटिनिन १.४ वरून १.६ झाले, याने रुग्ण घाबरला. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला वाजवीपेक्षा जास्त गाळायला लावत होते आणि तोवर झालेली झीज त्यामुळे झाकली गेली होती. तो मुखवटा उतरला, नवी इजा झाली नाही, हे त्याला समजावले. त्यानंतरच्या तीन तपासण्यांत आकडा तेथेच आहे.

उच्च रक्तदाबाच्या शंभर रुग्णांमध्ये साधारण पाच ते दहा जणांत प्राथमिक अल्डोस्टेरॉनाधिक्य सापडते, आणि औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबात सुमारे वीस जणांत. त्यांपैकी बहुसंख्यांचे पोटॅशियम सामान्य असते, त्यामुळे पोटॅशियम उतरण्याची वाट पाहत बसणे चुकीचे आहे. एंडोक्राइन सोसायटीने २०२५ मध्ये उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णात ही चाचणी करावी असे सुचवले, ते मला मनापासून पटते. आमच्या रुग्णाचे रक्त चार वर्षांपूर्वी, दाब १५०/१०० असताना एकदा तपासले गेले असते, तर तेव्हा रेनिन दबलेलेच सापडले असते असे मला वाटते, कारण तेव्हा ते वर ढकलणारा घातक टप्पा नव्हता. केसपेपरच्या समासातील त्या ओळीवर मी रेघ मारलेली नाही. तिच्याखाली बाराव्या आठवड्याचे आकडे लिहून ठेवले आहेत, म्हणजे पुढे फाईल उघडणाऱ्याला दोन्ही दिसतील.

एक वर्षानंतरच्या नेत्रतपासणीत उजव्या डोळ्याची दृष्टी ६/६ आणि डाव्याची ६/१२ आहे. चांदणीचे दोन-तीन पिवळे ठिपके उरले आहेत. डाव्या बिंबाची बाहेरची कड किंचित फिकट आहे आणि ओसीटीत तेथील चेतातंतूंचा थर पातळ झालेला दिसतो. पीतबिंदूच्या मध्याजवळ प्रकाशग्राही पेशींच्या रेषेत एक छोटी फट आहे, ती भरण्याची शक्यता आता कमी आहे. ओलांडणीचे सातही बदल जसेच्या तसे आहेत. दाराची चौकट उजव्या डोळ्याने सरळ दिसते. डाव्याने, एकच डोळा उघडा ठेवून लक्षपूर्वक पाहिले तर, मधोमध अजून थोडी आत वळलेली दिसते.